मंदिर एक, रीती अनेक

सन १८४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन या बंदराच्या शहरी एका सभेत मतदान झाले. प्रश्न वरवर पाहता किरकोळ होता. आगीत भस्मसात झालेल्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या जागी नवी इमारत उभी राहत होती आणि तिच्यात ऑर्गन हे वाद्य बसवावे की बसवू नये, एवढेच सभासदांना ठरवायचे होते. ऑर्गनच्या बाजूने ४६ मते पडली, विरोधात ४०. या सहा मतांनी जवळजवळ शंभर वर्षे एकत्र नांदलेला समाज दुभंगला. पुढची पंचवीसहून अधिक वर्षे त्या शहरातील ज्यू दोन निरनिराळ्या मंदिरांत प्रार्थना करीत राहिले आणि मृत्यूनंतरही त्यांचे दफन दोन निरनिराळ्या आवारांत होत राहिले.

एका वाद्यासाठी एवढे का घडावे? हे समजून घेण्यासाठी आधी ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचे स्वरूप पाहिले पाहिजे.

या मंदिराला सिनेगॉग म्हणतात. महाराष्ट्रातील बेने इस्राएल ज्यू त्याला पूर्वापार ‘मशीद’ म्हणत आले. पुणेकरांनी आपल्या गावच्या सिनेगॉगला त्याच्या विटांच्या रंगावरून ‘लाल देऊळ’ हे नाव देऊन टाकले. सिनेगॉगमध्ये मूर्ती नसते. जेरुसलेमच्या दिशेकडील भिंतीशी एक कपाट असते आणि त्यात तोरा या धर्मग्रंथाच्या, चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या ठेवलेल्या असतात. सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा जण जमावे लागतात. या दहांच्या संख्येला ‘मिन्यान’ असे नाव आहे. परंपरेनुसार हे दहाही जण प्रौढ पुरुष असावे लागतात. प्रार्थना गाऊन म्हणणारा तो हज्जान आणि धर्मशास्त्राचा जाणकार तो रब्बी. तथापि यांपैकी कोणीही मंदिराचा मालक नसतो. ज्यू धर्मात सर्वांवर हुकूम चालवणारा एकच धर्मगुरू नाही. वर्गणी देणारे सभासद आपले व्यवस्थापक मंडळ निवडतात, रब्बीची नेमणूक करतात आणि मंदिराचे नियमही तेच ठरवतात. गावकीचे देवस्थान आणि सहकारी संस्था यांचे मिश्रण डोळ्यांपुढे आणले तर सिनेगॉगच्या कारभाराची बरीचशी कल्पना येते. सहकारी संस्थेत होणारी भांडणेही मग ओघाने आलीच.

नियम सभासदांनीच ठरवायचे असल्यामुळे ते बदलण्याचा अधिकारही त्यांच्याकडे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील, विशेषतः जर्मनीतील, अनेक ज्यूंना आपली उपासना काळाशी जुळवून घ्यावी असे वाटू लागले. हिब्रू भाषा सर्वांना समजत नसे, प्रार्थना लांबलचक असत आणि धर्मोपदेश क्वचितच होत असे. सन १८१८ मध्ये हॅम्बुर्ग शहरात सुधारणावाद्यांनी आपले स्वतंत्र मंदिर उघडले. तेथून जी चळवळ पसरली तिला ‘रिफॉर्म’ म्हणजे सुधारणावादी पंथ हे नाव मिळाले. जुन्या धर्मनियमांत मनुष्याने फेरफार करू नये असे मानणारे ते ‘ऑर्थोडॉक्स’, अर्थात परंपरानिष्ठ. या दोहोंच्या मध्ये, धर्मशास्त्राची चौकट मान्य करून तिच्या आत सावकाश बदल करणारा ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ पंथ पुढे अमेरिकेत वाढला. त्याचे शब्दशः भाषांतर केल्यास तो सनातनी असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो मध्यममार्गी आहे. तिन्ही पंथांचे लोक तोरा पवित्र मानतात, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस मानतात आणि एकमेकांना ज्यू म्हणूनच ओळखतात. भेद आहे तो आचाराचा, आणि आचार पाळण्याचे बंधन कितपत आहे याविषयीच्या समजुतीचा.

चार्ल्स्टन हे या इतिहासातले एक फार जुने ठाणे. कॅरोलायना ही इंग्रजांची वसाहत स्थापन होताना, सन १६६९ मध्ये, जो शासनलेख तयार झाला त्यात ज्यूंना व अन्य धर्मीयांना तेथे राहण्याची मोकळीक देण्याचा विचार नमूद होता. त्या काळात ही गोष्ट विरळाच म्हटली पाहिजे. सन १७४९ मध्ये तेथे ‘कहाल कदोश बेथ एलोहीम’ ही मंडळी स्थापन झाली. या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘पवित्र मंडळी, देवाचे घर’ असा होतो. सन १७९४ मध्ये तिची देखणी इमारत उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील सर्वांत मोठी ज्यू वस्ती न्यूयॉर्कमध्ये नसून चार्ल्स्टनमध्ये होती, हे आज सांगितले तर अनेकांना खरे वाटणार नाही. मंदिरातील उपासना स्पेन व पोर्तुगालमधून हद्दपार झालेल्या ज्यूंच्या पद्धतीने चाले. प्रार्थना हिब्रूत होत असत आणि देणग्यांच्या घोषणा मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये. सभासदांपैकी कित्येकांना यांतले काहीच कळत नसे.

सन १८२४ च्या अखेरीस ४७ जणांनी व्यवस्थापक मंडळाला एक विनंतीअर्ज दिला. त्यांच्या पुढाऱ्यांमध्ये आयझॅक हार्बी हा शिक्षक, पत्रकार आणि नाटककार होता. त्यांचे मागणे फार मोठे नव्हते. हिब्रू प्रार्थनांचा इंग्रजी अनुवाद मंदिरात वाचला जावा, प्रार्थना थोड्या आटोपशीर व्हाव्यात, दर आठवड्याच्या तोरापाठावर इंग्रजीत प्रवचन व्हावे आणि स्पॅनिशमधील घोषणा बंद कराव्यात, इतकेच ते मागत होते. सर्व बदल एकदम करा असेही त्यांनी म्हटले नव्हते. मंडळाने अर्जावर चर्चासुद्धा न करता तो फेटाळला. तेव्हा सन १८२५ मध्ये या लोकांनी स्वतःची वेगळी संस्था काढली, भाड्याच्या जागेत उपासना सुरू केली आणि आपले प्रार्थनापुस्तकही तयार केले. हार्बी १८२८ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि त्याच वर्षी मरण पावला. त्याच्या पश्चात संस्थेचा जोर ओसरत गेला आणि १८३३ च्या सुमारास ती बंद पडली. बहुतेक सभासद मुकाट्याने जुन्या मंदिरात परतले. जुन्या मंडळींना प्रश्न मिटला असे वाटले असावे. परतलेल्यांनी आपली मते दाराबाहेर ठेवलेली नव्हती, हे पुढे दिसून आले.

सन १८३८ च्या एप्रिलमध्ये शहरात मोठी आग लागली आणि १७९४ ची इमारत जळून गेली. लागलीच नव्या इमारतीची तयारी सुरू झाली. प्राचीन ग्रीक मंदिरासारखे भव्य खांब असलेली ही वास्तू डेव्हिड लोपेझ या ज्यू कंत्राटदाराने बांधली. या बांधकामात गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या आफ्रिकी वंशाच्या कारागिरांचे श्रम होते. स्वतःच्या प्रार्थनेच्या स्वातंत्र्यासाठी एकमेकांशी झगडणाऱ्या दोन्ही पक्षांनी त्या कारागिरांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न मात्र उपस्थित केला नाही, हेही या कथेत नोंदवून ठेवले पाहिजे. मंदिराच्या आजच्या मंडळींनी त्या श्रमांची जाहीर कबुली दिली आहे.

इमारत पुरी होत आली तेव्हा ऑर्गनची मागणी पुढे आली. मराठी वाचकाला ऑर्गन हे नाव संगीत नाटकांमुळे परिचित आहे. पण येथे अभिप्रेत असलेले वाद्य म्हणजे ख्रिस्ती चर्चमध्ये वाजणारे, उंच नळ्यांचे मोठे वाद्य होय. परंपरानिष्ठांचा त्याला विरोध होता आणि त्या विरोधाला कारणेही होती. शब्बाथच्या दिवशी कोणतेही काम करू नये असा ज्यूंचा मूळ नियम आहे. वाद्य वाजवताना ते बिघडले तर दुरुस्तीचा मोह होईल, म्हणून धर्मशास्त्रींनी त्या दिवशी वाद्य वाजवण्यालाच मनाई केली. दुसरे कारण शोकाचे. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे महामंदिर उद्ध्वस्त केले. तेथील उपासनेत वाद्ये वाजत असत. ते मंदिर पुन्हा उभे राहीपर्यंत प्रार्थनेत वाद्ये नकोत, अशी भावना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. तिसरे कारण असे की, ऑर्गन हे शेजाऱ्यांच्या चर्चचे अनुकरण वाटे. सुधारणावाद्यांना या गोष्टी वेगळ्या दिसत. त्यांच्या दृष्टीने अमेरिका ही त्यांची मायभूमी झाली होती. हजारो कोस दूर असलेल्या आणि अठरा शतकांपूर्वी पडलेल्या मंदिराचा शोक करीत राहण्यापेक्षा, मुलाबाळांना मंदिरात यावेसे वाटेल अशी उपासना करणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटत होते.

निर्णय कोणाचा मानावा हाही पेच होता. मंदिराचा हज्जान गुस्ताव्हस पोझ्नान्स्की हा पोलंडमध्ये जन्मलेला तरुण. १८३६ मध्ये तो आला तेव्हा परंपरेला धरून चालणारा म्हणून त्याची ख्याती होती. त्यानेच ऑर्गनला अनुकूल मत दिले. व्यवस्थापक मंडळाने तरीही मागणी नाकारली आणि मग सर्वसाधारण सभेने मंडळाचा निर्णय फिरवला. हेच ते ४६ विरुद्ध ४० मतांचे मतदान होय. नवे मंदिर मार्च १८४१ मध्ये खुले झाले. अमेरिकेतील सिनेगॉगमध्ये वाजलेला तो पहिला ऑर्गन मानला जातो. त्या समारंभात पोझ्नान्स्कीने हे शहरच आपले जेरुसलेम आहे, अशा आशयाचे भाषण केले. विरोधकांच्या मनाला ते किती लागले असेल, याची कल्पना करता येते.

बाहेर पडलेल्या परंपरानिष्ठांनी ‘शेआरित इस्राएल’ ही स्वतंत्र मंडळी स्थापन केली. नावाचा अर्थ ‘इस्राएलातील उरलेले’. आपण फुटून गेलो नसून खरी मंडळी आपणच आहोत, असे जणू त्यांना या नावातून सांगायचे होते.

आता एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बेथ एलोहीमने कोणालाही हाकलून दिले नव्हते. मंदिराचे दार सर्व ज्यूंना खुले आहे, असे सुधारणावादी प्रामाणिकपणे म्हणू शकत होते. परंतु शब्बाथच्या दिवशी वाद्य ऐकणे ज्याला पाप वाटते, त्याच्या दृष्टीने ऑर्गनचा सूर म्हणजेच बंद दार होते. येथे दोन्ही पक्षांची स्थिती सारखी नव्हती. ऑर्गन नसेल तर सुधारणावाद्याला उपासना नीरस वाटेल, पण ती करणे त्याला अशक्य होणार नाही. ऑर्गन असेल तर परंपरानिष्ठाला तेथे उपासना करताच येणार नाही. एकाची गैरसोय आणि दुसऱ्याची बंदी यांचे मोजमाप मतपेटीत एकाच मापाने होते. पंथ बदलूनही सर्वांचे स्वागत करू इच्छिणाऱ्या प्रत्येक मंडळीला आजतागायत याच अडचणीला तोंड द्यावे लागते. दुसरीही बाजू आहेच. कडक नियम पाळणाऱ्याच्या सोयीने सर्वांनी कायम वागायचे ठरवले, तर कोणताही बदल कधीच होणार नाही आणि १८२४ च्या त्या ४७ अर्जदारांसारखे लोक एकेक करून मंदिराकडे पाठ फिरवतील.

भांडण ऑर्गनवर थांबले नाही. सन १८४३ मध्ये पोझ्नान्स्कीने सणांचा दुसरा दिवस पाळू नये अशी सूचना केली. या दुसऱ्या दिवसाचा इतिहास मनोरंजक आहे. प्राचीन काळी नव्या चंद्राचे दर्शन झाल्यावर जेरुसलेमहून दूत पाठवून महिन्याचा आरंभ कळवला जाई. दूरच्या गावी दूत वेळेवर पोचत नसे. म्हणून चूक होऊ नये यासाठी तेथील लोक सण दोन दिवस पाळत. पुढे पंचांग गणिताने निश्चित झाले, शंका उरली नाही, तरी दोन दिवसांची प्रथा टिकून राहिली. तिथीच्या घोळामुळे लागोपाठ येणाऱ्या स्मार्त आणि भागवत एकादशी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. ही सूचना मात्र ऑर्गन मान्य करणाऱ्यांपैकीही काहींना पचली नाही. शेआरित इस्राएलच्या लोकांना पुन्हा सभासद करून घेऊन सुधारणांना लगाम घालण्याचा प्रयत्न झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. सन १८४६ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाचा निकाल सुधारणावाद्यांच्या बाजूने लागला. प्रार्थनेची कोणती पद्धत खरी, हे ठरवणे दिवाणी न्यायालयाचे काम नव्हे. शिवाय काळाबरोबर धर्माचारही बदलणारच, अशी न्यायाधीशांची भूमिका होती. खटला जिंकला खरा, पण समाज जोडला गेला नाही. पोझ्नान्स्कीने पुढच्याच वर्षी आपले पद सोडले. शेआरित इस्राएलने वेंटवर्थ स्ट्रीटवर आपले स्वतःचे मंदिर बांधले.

शहरातील कमिंग स्ट्रीटवर बेथ एलोहीमचे अठराव्या शतकापासूनचे कब्रस्तान आहे. शेआरित इस्राएलने त्याला लागूनच स्वतःची जागा घेतली आणि दोन्ही जागांच्या मध्ये विटांची भिंत उभी राहिली. एकाच घराण्यातील आजोबा भिंतीच्या एका बाजूस आणि नातू दुसऱ्या बाजूस, अशी स्थिती त्यामुळे येऊ शकत होती. जिवंत माणसे रस्त्यात भेटली तर नमस्कार तरी करू शकतात. कब्रस्तानातील भिंत ओलांडायला वाट नसते.

दोन्ही मंडळ्यांना एकत्र आणले ते युद्धाने. सन १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि त्याची पहिली तोफ चार्ल्स्टनच्याच बंदरात धडाडली. शहरावर दीर्घकाळ तोफांचा मारा झाला. बेथ एलोहीमने तोराच्या गुंडाळ्या आणि ऑर्गन सुरक्षिततेसाठी राज्याच्या राजधानीत, कोलंबियाला पाठवले. सन १८६५ च्या फेब्रुवारीत कोलंबियाच जळाले आणि त्या सर्व वस्तू आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. शेआरित इस्राएलच्या मंदिराचीही हानी झाली होती. तरुण माणसे मारली गेली होती, श्रीमंत कुटुंबे कंगाल झाली होती. दोन मंदिरे चालवण्याइतकी माणसे नव्हती आणि पैसाही नव्हता. सन १८६६ मध्ये दोन्ही मंडळ्या बेथ एलोहीमच्या नावाखाली आणि छपराखाली एक झाल्या. उपासनेत तडजोड झाली आणि आरंभी तिचा कल बराचसा जुन्या पद्धतीकडे होता. वाद्याचा प्रश्न त्या वेळी उद्भवलाच नाही, कारण ऑर्गन कोलंबियात जळून गेला होता. कब्रस्तानातील भिंतही पाडण्यात आली.

ही तडजोड कायमची ठरली नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. १८७० च्या दशकात ऑर्गन परत आला. सन १८७३ मध्ये अमेरिकेतील सुधारणावादी मंडळ्यांचा संघ स्थापन झाला आणि बेथ एलोहीम त्यात सामील झाले. पुढे एकोणिसावे शतक सरेपर्यंत आतील रचनाही बदलली आणि स्त्रीपुरुष कुटुंबासह एकत्र बसू लागले. मात्र या वेळी १८४० सारखी फूट पडली नाही. याचे एक कारण असे की, शहरात आता दुसरा पर्याय होता. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी १८५४ मध्ये ‘ब्रिथ शालोम’ ही परंपरानिष्ठ मंडळी सुरू केली होती. सन १९४७ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाचे सिनेगॉगही चार्ल्स्टनमध्ये स्थापन झाले. मोठ्या वस्तीत हा मार्ग सोपा असतो: प्रत्येकाला आपल्या मताचे मंदिर मिळते. खरी कसोटी लागते ती एकच मंदिर असलेल्या लहान गावात.

अशा गावांतील वाद विसाव्या शतकात पुन्हा न्यायालयात गेले. या वेळी कारण वाद्य नसून बैठकव्यवस्था हे होते. परंपरेनुसार सिनेगॉगमध्ये स्त्रिया सज्ज्यात किंवा पडद्यापलीकडे बसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक अमेरिकी मंडळ्यांनी एकत्र बसण्याचा ठराव केला आणि त्यांतील कित्येक ऑर्थोडॉक्स पंथातून कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाकडे वळल्या. मिशिगन राज्यातील माउंट क्लेमेन्स या गावी बहुमताने असा ठराव झाला तेव्हा अल्पमतातील सभासद न्यायालयात गेले. परंपरानिष्ठ उपासनेसाठी उभारलेल्या वास्तूचा उपयोग बहुमताच्या जोरावर बदलता येणार नाही, असा निकाल मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये दिला. न्यू ऑर्लीन्समध्ये तर मालमत्ता देणाऱ्याने परंपरानिष्ठ पद्धत पाळण्याची अट घातलेली होती. तरीही लुईझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये एकत्र बैठकीला मुभा दिली. दोन वर्षांच्या अंतराने दोन राज्यांत दोन उलट निकाल लागले. मंदिर आज वर्गणी देणाऱ्यांचे, की ज्यांनी ते विशिष्ट हेतूने बांधले त्या पूर्वजांचे, या प्रश्नाचे उत्तर कायद्यालाही एका वाक्यात देता आलेले नाही.

म्हणूनच शहाण्या मंडळ्या मतदानाची घाई करीत नाहीत. पंथ बदलायचा झाल्यास आधी वर्ष-दोन वर्षे चर्चा होते, निरनिराळ्या पद्धतींच्या प्रार्थना करून पाहिल्या जातात आणि साध्या बहुमताऐवजी मोठे बहुमत मिळावे अशी अट घातली जाते. पंथ बदलला तरी स्वयंपाकघर धर्मनियमांप्रमाणे शुद्ध म्हणजे ‘कोशेर’ ठेवतात. कारण उदार मताचा मनुष्य तेथे जेवू शकतो आणि कडक नियम पाळणाराही जेवू शकतो, उलट स्थितीत मात्र एकाला उपाशी परतावे लागते. काही ठिकाणी एकाच छपराखाली दोन दालनांत दोन पद्धतींच्या प्रार्थना चालतात आणि प्रार्थना संपल्यावर सर्वजण एकत्र जेवतात. गैरसोयीची आणि मनाईची तफावत जेथे ओळखली गेली, तेथे सलोखा राहिला. जेथे केवळ हात मोजले गेले, तेथे बहुधा नव्या मंदिराची वर्गणी गोळा होऊ लागली.

चार्ल्स्टनमध्ये भांडणाचा आरंभ प्रार्थनेच्या भाषेवरून झाला होता. तोच प्रश्न कोकणातील बेने इस्राएल समाजापुढेही आला, कारण त्यांची मातृभाषा मराठी. या समाजात मात्र त्यावरून फूट पडली नाही. सिनेगॉगमधील प्रार्थना हिब्रूतच राहिली. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनापुस्तकांचे मराठी अनुवाद केले, ते लोक घरी वाचू लागले. १८८० च्या सुमारास बेने इस्राएलांनी कीर्तनाचा मराठी प्रकारही उचलला आणि बायबलमधील आख्याने ओव्या व साक्यांच्या चालीवर गाऊ लागले. हार्बीने ज्यासाठी अर्ज केला होता ते समजेल अशा भाषेतील धर्मज्ञान येथे मंदिराचा एकही नियम न मोडता मिळू लागले. अर्थात कोकणातल्या साऱ्या अडचणी कीर्तनाने सुटल्या असे मानण्याचे कारण नाही; उपासनेतील स्त्रियांच्या स्थानाचा प्रश्न तसाच होता. मुंबईच्या नामवंत डॉक्टर जेरुशा झिराड यांनी इंग्लंडमधील शिक्षणाच्या काळात तेथील उदारमतवादी ज्यू चळवळ पाहिली होती. सन १९२५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ स्थापन झाली आणि पुढे तिचे ‘रोदेफ शालोम’ हे सिनेगॉग झाले. या सुधारकांनी जुन्या मंदिरात मतदान मागितले नाही. त्यांनी नवे मंदिर काढले आणि जुनी मंदिरे जुन्या रीतीने चालू राहिली. दोन्हीकडे जाणारी माणसेही होती.

दिल्लीत मात्र हा मार्ग नव्हता. तेथे ज्यूंची वस्ती मूठभर, आणि १९५६ मध्ये हुमायून रोडवर उभे राहिलेले ज्यूडा ह्याम सिनेगॉग हे शहरातील एकच. स्थानिक कुटुंबांखेरीज दूतावासांतील अधिकारी, व्यापारी आणि प्रवासीही तेथे येतात. कोणी ऑर्थोडॉक्स घरातला, कोणी रिफॉर्म, तर कोणी आयुष्यात क्वचितच सिनेगॉगची पायरी चढलेला. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होताना दहा माणसे जमतील की नाही, ही तेथील नेहमीची काळजी असते. म्हणून तेथे स्त्रियाही मिन्यानमध्ये मोजल्या जातात आणि सर्वजण एकाच दालनात बसतात. प्रार्थना हिब्रूत चालते.